दारावरची पाटी आणि मुलांचे हसू

नातवंडांना कोणते पुस्तक द्यावे, हा प्रश्न आपल्या वयाच्या माणसांपुढे वर्षातून दोन-तीनदा तरी येतोच. हनुक्का येतो, वाढदिवस येतात, बार मित्स्वा येते. दुकानात गेले की चकचकीत पुस्तकांचे ढीग दिसतात. त्यांतल्या पुष्कळांवर लिहिलेले असते की, हे वाचून मूल दयाळू होईल, दुसऱ्याचे मन जाणायला शिकेल. घरी आणून उघडावे, तर एक ससा दुसऱ्या सशाला आपले गाजर देतो आणि शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत त्याचे तात्पर्य. मांडीवर बसलेले मूल तिसऱ्या पानालाच जांभई देते. आमच्या मते त्या पुस्तकाचे परीक्षण तेवढ्यात पुरे झालेले असते.

मुलांना दुसऱ्याचे मन जाणायला शिकवावे, याबद्दल वाद नाही. मिसरातले परकेपण आपण दरवर्षी सेदेरच्या मेजाभोवती बसून आठवतो, ते त्यासाठीच. प्रश्न असतो तो कसे शिकवावे याचा. आमचे म्हणणे असे, की आधी मूल हसले पाहिजे. आपल्या कीर्तनकारांना हे पक्के ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते मराठीत योसेफाचे, मोशेचे, एलियाहू हन्नाबीचे आख्यान लावीत आले. योसेफाला भाऊ खड्ड्यात टाकतात तिथवर कथा येईपर्यंत श्रोते मनमुराद हसलेले असत, म्हणून तिथे डोळे पुसणेही खरे होई. हसलेले मन उघडे असते, त्यात काहीतरी आत जाते.

पण सगळेच हसू सारखे नसते. तोतऱ्याला, लंगड्याला, काळ्याला, नुकत्याच गावात आलेल्याला हसणारी पुस्तकेही मुलांना खदखदा हसवतात. म्हणून पुस्तक निवडताना ते हसवते का, एवढे पाहून भागत नाही. ते कोणाला हसते, हेही पाहावे लागते. ही कसोटी लावून आम्ही दोन पुस्तके वाचकांपुढे ठेवतो. एक जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात छापलेले आहे आणि दुसरे आपल्या नातवंडांच्या ओळखीचे, हिब्रू.

स्टुटगार्टचे नाव वाचून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, आणि ती पडावी अशीच आहे. १ डिसेंबर १९४१ रोजी या शहरातून सुमारे एक हजार यहुद्यांना रीगाकडे पाठवण्यात आले. त्यांना किलेसबर्ग टेकडीवरच्या प्रदर्शनाच्या मैदानात गोळा केले होते. त्यांतले फारच थोडे जिवंत राहिले. हेच स्टुटगार्ट १९६८ पासून आपल्या मुंबईचे भगिनी-शहर आहे. आणि याच शहरात १८४९ साली स्थापन झालेली थीनेमान नावाची मुलांच्या पुस्तकांची प्रकाशनसंस्था आहे. १९६० साली तिने मिखाएल एंडे या तरुण लेखकाचे पहिले पुस्तक काढले. त्याआधी अनेक प्रकाशकांनी ते परत पाठवले होते. पुस्तकाच्या जर्मन नावाचा अर्थ ‘जिम बटण आणि इंजिनड्रायव्हर लुकास’. पुढच्याच वर्षी त्याला जर्मनीतला मुलांच्या पुस्तकांचा मोठा पुरस्कार मिळाला, आणि आउग्सबुर्गच्या कळसूत्री बाहुल्यांनी ते टेलिव्हिजनवरून घरोघरी नेले.

गोष्ट ऐकण्यासारखी आहे. लुमरलँड नावाचे एक एवढेसे बेट आहे. त्यावर एक राजा, प्रजा म्हणून दोघे-तिघे, आणि एम्मा नावाचे आगगाडीचे इंजिन. राजाचे नाव अल्फोन्स पावणेबारावा, कारण त्याचा जन्म पावणेबाराला झाला. एके दिवशी टपालाने एक खोके येते. पत्ता चुकलेला असतो, आणि आत निघते एक काळे बाळ. दुकानदार वास बाई त्याला वाढवतात. त्याची विजार नेहमी एकाच जागी फाटते, म्हणून बाई तिथे एक बटण लावून देतात, आणि तेच त्याचे आडनाव होते. मुलगा मोठा होऊ लागतो तेव्हा राजाला चिंता पडते की, एवढ्याशा बेटावर आणखी एका माणसाला जागा कुठली? तो ठरवतो, इंजिन काढून टाकावे. मग लुकास, जिम आणि एम्मा तिघेही रातोरात बेट सोडून समुद्रात उतरतात.

‘जागा नाही’ हे राजाचे म्हणणे ऐकून मूल हसते. आपल्यासारखी दोन देश पाहिलेली माणसे मात्र थोडी कमी हसतात.

प्रवासात त्यांना नेपोमुक भेटतो. हा ड्रॅगनचा पोर आहे, पण अर्धा, कारण त्याची आई पाणघोडी होती. तो मोठ्याने गुरगुरून दाखवतो, घाण राहण्याची शिकस्त करतो, खऱ्या ड्रॅगनला शोभेल असे सगळे करून पाहतो. तरीही ड्रॅगनांच्या नगरात त्याला प्रवेश नाही. नगराच्या वेशीवर पाटीच आहे की, शुद्ध रक्ताचा नसलेल्या ड्रॅगनाने आत पाऊल टाकले तर त्याला मृत्युदंड होईल. बिचाऱ्याचा छोटा ज्वालामुखीही विझलेला असतो. लुकास आणि जिम तो दुरुस्त करून देतात, आणि तो त्यांना मदत करतो. एम्माला ड्रॅगनाचा वेष चढवून ते वेशीतून आत जातात. एंडेच्या विनोदाची खरी जागा इथे आहे. ज्याचा बाप ड्रॅगन होता तो बाहेर, आणि नुसते धूर सोडणारे लोखंडी इंजिन आत! त्या पाटीची जेवढी फजिती या एका प्रसंगात होते, तेवढी शंभर भाषणांनी झाली नसती. नेपोमुकच्या गुरगुरण्याला मूल सुरुवातीला हसते. चार पानांनंतर ते पाटीला हसू लागते. हसू एकाकडून दुसऱ्याकडे कधी गेले, हे त्याला कळतही नाही. लेखकाचे कसब आम्हाला यात दिसते.

हे काही निव्वळ गमतीने सुचलेले नव्हते. एंडेचा जन्म १९२९ चा, म्हणजे त्याची शाळा नाझींच्या राज्यात झाली. वडील एडगर एंडे चित्रकार होते आणि त्यांच्या चित्रांवर त्या राज्याने बंदी घातली होती. युलिया फॉस या जर्मन लेखिकेने २००९ साली एक पुस्तकच लिहून दाखवले की, शुद्ध वंशाचे जे धडे या मुलाला शाळेत गिरवावे लागले तेच त्याने मोठेपणी गोष्टीत उलटे करून टांगले. जिमचे आडनावही तिने जेमी बटन नावाच्या मुलाशी जोडले आहे. १८३० साली एका इंग्रज कप्तानाने त्याला दक्षिण अमेरिकेच्या टोकावरून विलायतेला नेले होते, आणि त्याची किंमत म्हणून शिंपल्याचे एक बटण दिले असे सांगतात. ज्या शहरातून एक हजार यहुदी रक्ताच्या हिशेबाने पाठवले गेले, त्याच शहरात एकोणीस वर्षांनी मुलांना अशा पाटीवर हसवणारे पुस्तक निघाले. यामुळे काही फिटते असे आम्ही म्हणत नाही. पण पुस्तक कुठून आले हे ठाऊक असले की त्यातला विनोद हलका वाटत नाही.

आता ती पाटी आपल्या ओळखीची आहे का, हेही विचारायला हवे. ‘जिम बटण’ जर्मनीत घरोघरी वाचले जात होते त्याच काळात, १९६२ साली, इस्राएलमध्ये विवाह नोंदणाऱ्यांना धर्मपीठाकडून सूचना गेल्या की, बेने इस्राएल वधूवरांच्या आई-आजीच्या पिढ्या तपासाव्यात. आपल्यापैकी कित्येकांची लग्ने त्या दिवसांत अडली, कित्येक आया गप्प बसल्या. १९६४ च्या उन्हाळ्यात गावोगावची आपली माणसे यरुशलेमला येऊन ठाण मांडून बसली आणि त्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने ठराव केला की, बेने इस्राएल सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे यहुदी आहेत. वेशीवर उभ्या असलेल्या नेपोमुकची गोष्ट आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

पण इथेच थांबलो तर पुस्तक अर्धेच वाचले असे होईल. कोकणात आणि मुंबईत आपल्याच घरांवर एक पाटी होती, फक्त ती लाकडाची नव्हती. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल हा भेद आपणच पाळला. ज्यांची आई किंवा आजी बाहेरची, ते काळे. त्यांच्याशी सोयरीक होत नसे, एका पंगतीला बसणे टाळले जाई. वाचकांपैकी वडीलधाऱ्यांनी हे शब्द आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेले असतील. यरुशलेमच्या रस्त्यावर बसून आपण जो न्याय मागितला, तो नवगावच्या आणि उमरखाडीच्या अंगणात आपण सगळ्यांना दिला नव्हता. चांगले पुस्तक हे करते. आधी ते आपल्याला बाहेर उभ्या असलेल्याच्या शेजारी नेऊन उभे करते, आणि मग हळूच पाटी लावणाऱ्याच्या घरात नेते. आपली बाजू दोन्हीकडे निघते.

या पुस्तकात आणखी एक माणूस आहे, तुर तुर नावाचा. वाळवंटात तो एकटा राहतो, कारण तो दुरून राक्षसाएवढा दिसतो. इतर माणसे लांब गेली की लहान दिसतात, हा लांब गेला की मोठा दिसतो. त्यामुळे जो तो त्याला पाहून पळतो, आणि पळेल तसतसा तो अधिकच अक्राळविक्राळ दिसतो. लुकास पळत नाही. म्हातारा जवळ येत जातो, लहान होत जातो, आणि समोर येतो तेव्हा साधा तुमच्या-आमच्याएवढा निघतो. ‘जवळ जाऊन पाहा’ हा उपदेश आपण नातवंडांना हजारदा केला असेल. ही कल्पना ऐकलेल्या मुलाला तो पुन्हा करावा लागत नाही. आणि १९६२ साली आलेल्या दुसऱ्या भागात या तुर तुरला काम मिळते. लुमरलँडवर दीपस्तंभ बांधायला जागा नसते, तेव्हा हाच दीपस्तंभ होतो, कारण दुरून तो मोठा दिसतो! त्याच्यावर दया करून त्याला कोपऱ्यात बसवलेले नाही. ज्या गुणामुळे लोक पळत होते त्याच गुणाची बेटाला गरज पडली. दया शिकवणारी पुष्कळ पुस्तके इथे कमी पडतात. त्यांतले दुबळे पात्र शेवटपर्यंत दुबळेच राहते, म्हणजे दया करणाऱ्याची सोय होते.

खलनायिकेचेही तसेच. ड्रॅगनांच्या नगरात मालत्सान नावाची एक दुष्ट मास्तरीण आहे, देशोदेशींची मुले पळवून आणून ती त्यांना बाकांना बांधून शिकवते. तिला हरवतात, पण मारत नाहीत. आणि न मारल्यामुळेच तिचे रूप पालटते, ती ज्ञानी होते. आठ वर्षांच्या मुलाला हे पटते. मोठ्यांना पटायला वेळ लागतो.

पुस्तकात दोष नाहीत असे नाही. राजकन्या ली सी हिच्या देशाचे वर्णन करताना एंडे त्या लोकांच्या चमत्कारिक पक्वान्नांवर आणि वेण्यांवर विनोद करत बसतो. मूळ आवृत्तीत तो देश चीन होता, पुढच्या आवृत्त्यांत त्याचे मांडाला केले. नाव बदलले तरी ती पाने आमच्या कसोटीला उतरत नाहीत, कारण तिथे हसू पाहुण्याचे आणि हसे यजमानाचे आहे.

दुसरा वाद शब्दाचा. खोक्यातून बाळ निघाल्यावर बेटावरचा एक शहाणा, एर्मेल नावाचा, गंभीर चेहरा करून त्याच्यासाठी एक शब्द उच्चारतो. जर्मन भाषेत आज तो शब्द शिवीसारखा लागतो. थीनेमानने २०२४ साली नव्या आवृत्तीतून तो काढला, काही चित्रेही बदलली. याच प्रकाशनसंस्थेने २०१३ साली ओटफ्रीड प्रॉयसलर यांच्या १९५७ च्या ‘छोटी चेटकीण’ या गोष्टीतला तसाच शब्द काढला होता. काळ्या वर्णाच्या एका मुलीच्या बापाने पत्र लिहून विचारले होते की, हे मी माझ्या लेकीला कसे वाचून दाखवू? तेव्हा जर्मन वर्तमानपत्रांत मोठे काहूर उठले. साहित्याला हात लावू नये, असे एका बाजूचे म्हणणे.

आम्हाला दोन्ही बाजू कळतात. एर्मेलच्या तोंडी तो शब्द आहे तो त्याच्या दीडशहाणेपणाची टर उडवायलाच, हे खरे. पण विनोद समजण्याआधी शब्द कानावर पडतो, आणि वर्गातल्या ज्या मुलाकडे बाकीची मुले वळून पाहतात त्याला विनोदाचे स्पष्टीकरण उपयोगी पडत नाही. ‘कुशी’ हा शब्द तोरात आहे. मोशेच्या कुशी बायकोबद्दल मिर्याम बोलली आणि तिच्या अंगावर बर्फासारखे पांढरे कोड उठले. तोच शब्द शाळेच्या पटांगणात आपल्या नातवाच्या पाठीवर येऊन आदळतो तेव्हा तो तोरातला शब्द राहत नाही. मोठ्यांच्या कपाटात जुनी प्रत असावी, लहानांच्या हाती नवी द्यावी, असे आमचे मत आहे. शब्द काढल्यामुळे गोष्ट कुठे लंगडली, असे आम्हाला दिसत नाही.

आता दुसरे पुस्तक. लेआ गोल्डबर्ग यांचे ‘दिरा लेहास्कीर’, म्हणजे ‘जागा भाड्याने देणे आहे’, हे १९५९ साली पुस्तकरूपाने आले. लेआ गोल्डबर्गही जर्मनीत शिकलेल्या. १९३३ साली बॉनला डॉक्टर झाल्या आणि १९३५ साली इथे आल्या. त्यांची पाच मजली इमारत म्हणजे हुबेहूब माझगावची चाळ. कोंबडी, कोकिळा, काळी मांजर आणि खार शेजारी, आणि वरच्या मजल्यावरचा उंदीर बिऱ्हाड सोडून गेलेला. जागा पाहायला जो येतो त्याला जागा पसंत पडते, शेजारी पडत नाहीत. मुंगीला कोंबडी आळशी वाटते. सशिणीला कोकिळेचा राग, कारण ती अंडी दुसऱ्याच्या घरट्यात टाकते. बुलबुलाला खारीचे अक्रोड फोडणे सोसत नाही. डुक्कर मात्र मांजरीच्या रंगावरच बोट ठेवतो, आणि तेव्हा सगळे शेजारी मिळून त्याला बाहेरचा रस्ता दाखवतात. शेवटी कबूतर येते. तिला खोल्या फारशा आवडत नाहीत, पण शेजारी आवडतात, म्हणून ती राहते.

तीन-चार वर्षांच्या मुलाला यापेक्षा चांगले पुस्तक आम्हाला माहीत नाही. उपदेश असा कुठे नाही, आणि हसू प्रत्येक वेळी नावे ठेवणाऱ्यावरच फुटते. एक शंका मात्र मनात राहते. डुक्कर हाकलला जातो तो कायमचा, त्याला मालत्सान बाईंसारखी सुधारण्याची संधी नाही. तो उद्धट आहे हे खरे. पण पाच वर्षांच्या नातीने ‘सफ्ता, मग तो राहायला कुठे गेला?’ असे विचारले, तर पुस्तक मिटून तिच्याशी बोलावे. जे पुस्तक असा प्रश्न विचारायला लावते त्याने आपले काम केलेले असते.

आपल्या पिढीचे पुस्तक म्हणजे ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिले. आपण ते रडत रडत वाचले, आणि त्यातली माया आजही खोटी वाटत नाही. पण ते ज्या घरासाठी लिहिले गेले, ज्या घरात आईचा शब्द दिवसभर कानावर पडे, ते घर आता अश्दोदमध्ये नाही आणि ठाण्यातही फारसे उरलेले नाही. नातवाला ते थेट हातात दिले तर त्याला ते उपदेशाचे वाटेल. त्याला आधी ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ वाचून दाखवावा. गोट्या हा पोरका मुलगा, दुसऱ्याच्या घरात वाढणारा, पण त्याची खोड्यांची आणि चांगुलपणाची गाठ अशी पक्की आहे की कीव करायला सवडच मिळत नाही. जिम आणि गोट्या समोरासमोर आले तर त्यांचे लगेच जमेल, अशी आमची खात्री आहे.

दहा-अकरा वर्षांच्या नातवंडांसाठी एंडेचेच ‘मोमो’ आहे. तेही स्टुटगार्टचेच, १९७३ चे, आणि हिब्रूत मिळते. मोमो ही घरदार नसलेली मुलगी. तिच्याकडे देण्यासारखे एकच असते. ती समोरच्याचे बोलणे पूर्ण ऐकते, आणि भांडायला आलेली माणसे तिच्यासमोर बोलता बोलताच शांत होतात. त्यात विनोद ‘जिम बटण’पेक्षा कमी आहे, म्हणून पहिले पुस्तक म्हणून ते देऊ नये.

तेव्हा दुकानात उभे असताना एवढे करावे. मधलेच एखादे पान उघडून हळू आवाजात वाचावे. हसू आले तर ते कोणावर आले ते पाहावे. जो बाहेर उभा आहे त्याला शेवटी नुसती दया मिळते की काही कामही मिळते, ते पाहावे. दुष्टाचा निकाल कसा लावला आहे ते पाहावे. शेवटच्या पानावर तात्पर्य छापले असेल तर पुस्तक परत ठेवावे.

आणि मग वाचून दाखवावे. पुस्तक जर्मन असो की इंग्रजी, गोष्ट आपल्या मराठीत सांगावी, मध्ये मध्ये हिब्रू आली तरी हरकत नाही. राजा पावणेबारावा मराठीत जितका खुलतो तितका दुसऱ्या भाषेत क्वचितच खुलेल. ड्रॅगनांच्या वेशीशी आल्यावर थोडे थांबावे. तिथे १९६४ ची गोष्ट सांगावी, आणि नातवंड जरा मोठे असेल तर गोऱ्या-काळ्यांचीही. दुसरी सांगताना जीभ अडखळेल. तरीही सांगावी, कारण आपल्यानंतर ती मराठीत सांगणारे घरात कोणी उरणार नाही.